उजेडाची बाजू

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की मुंबईच्या दोन पिढ्या समोरासमोर दिसतात. पूर्वेला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि त्याच्या शेजारचं उच्च न्यायालय. दोन्ही बांधकामं १८७८ सालची, दगडी, टोकदार कमानींची, गॉथिक वळणाची. पश्चिमेला बॅकबेच्या भरावावर १९३०च्या दशकात उभी राहिलेली आर्ट डेको इमारतींची रांग: गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवरून धावणाऱ्या आडव्या पट्ट्या, फिकट पिवळे आणि गुलाबी रंग. या सगळ्या परिसराला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

माहितीपुस्तकात एवढं सापडतं. कॅमेरा घेऊन गेलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. सकाळी सूर्य राजाबाई टॉवरच्या मागून वर येतो. तेव्हा टॉवर काळपट सावलीत असतो आणि पश्चिमेची डेको रांग लख्ख उजळलेली असते. दुपारी चारनंतर हे सगळं उलटं होतं. डेको इमारतींचा दर्शनी भाग सावलीत जातो आणि टॉवरचा दगड मधाच्या रंगाचा होतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे चांगले फोटो हवे असतील तर या मैदानावर दोन वेळा यावं लागतं. मुंबईत फोटो काढायला शिकणाऱ्याला मी पहिला धडा ओव्हलवरच घ्यायला सांगेन.

मी डोंबिवलीची. कॉलेज चर्चगेटच्या बाजूला, त्यामुळे रोज सीएसएमटीला उतरायचं आणि फोर्टातून चालत जायचं. मामेभावाने नवीन कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा जुना डीएसएलआर माझ्याकडे आला, सोबत मिळणाऱ्या १८-५५च्या लेन्ससकट. पुढे शिकवणीच्या पैशांतून ५० मिलिमीटरची, एफ १.८ची छोटी लेन्स घेतली. विद्यार्थी सवलतीचा लोकलचा पास आधीच खिशात होता, म्हणून फिरण्याचा वेगळा खर्च जवळपास नव्हताच. ज्या शहरातून मी रोज घाईघाईने जायची, त्या शहरात थांबायला मला कॅमेऱ्याने कारण दिलं. काही काळाने हेही कळलं की फोटोचा निम्मा निकाल बटण दाबण्याआधीच लागलेला असतो: कुठे उभं राहायचं आणि किती वाजता.

सीएसएमटीचंच पाहा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या स्थानकाचं बांधकाम १८७८ साली सुरू झालं आणि १८८८ साली संपलं. २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. समोरचं महापालिकेचं मुख्यालयही स्टीव्हन्स यांचंच, १८९३ सालचं. स्थानकाचा दर्शनी भाग पश्चिमेला, तर महापालिकेचा त्याच्याकडे तोंड करून. म्हणून सकाळच्या लोकलने उतरणाऱ्याने महापालिकेची इमारत टिपावी आणि संध्याकाळी घरी परतताना स्थानक. रस्त्यापलीकडे महापालिकेच्या बाजूला पाहण्यासाठी खास सज्जा केला आहे. घुमटापासून फाटकापर्यंत अख्खी इमारत चौकटीत बसते ती तिथूनच.

पण खरी गंमत अख्ख्या इमारतीत नाही, तुकड्यांत आहे. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. भिंतींवर मोर, माकडं, पानं, फुलं आणि पावसाचं पाणी बाहेर फेकणारी जनावरांची तोंडं. हे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. आपल्याच वयाच्या मुलांनी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी दगडात कोरलेला मोर मी लेन्समधून पहिल्यांदा जवळून पाहिला, तेव्हा मागून जाणाऱ्या गर्दीचा आवाजही मला काही वेळ ऐकू येईना. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की मोराचं पीस न् पीस उठून दिसतं. भरदुपारी तीच भिंत सपाट वाटते.

सूर्यास्तानंतरची साधारण वीस मिनिटं इथे फार मोलाची. आकाशात गडद निळाई शिल्लक असते आणि इमारतीवरचे दिवे लागलेले असतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला स्थानकावर तिरंगी रोषणाई असते. त्या संध्याकाळी लहान मुलांना खांद्यावर घेऊन लोक समोर उभे राहतात. तेव्हा इमारतीकडे पाठ करून त्या वर पाहणाऱ्या चेहऱ्यांचे फोटो काढावेत, चेहऱ्यांवर केशरी-हिरवा उजेड उतरलेला असतो. एक मात्र लक्षात ठेवायचं: फलाटावर तिवई मांडून किंवा मोठं सामान लावून चित्रण करायचं तर रेल्वेची परवानगी लागते. रस्त्यावरून, गर्दीला अडथळा न करता हातातल्या कॅमेऱ्याने खूप काही साधतं.

जानेवारी-फेब्रुवारीत पाय आपोआप काळा घोड्याकडे वळतात. इथला कला महोत्सव १९९९ साली सुरू झाला. नऊ दिवस चालतो आणि बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नसते. मांडणशिल्पांचे फोटो हवेत तर मधल्या वाराला, दुपार कलल्यावर लवकर जावं. गर्दीचेच फोटो हवेत तर रविवारी. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून इथे आहे. तिच्या बाहेर पदपथावर चित्रं मांडून बसणारे चित्रकार वर्षभर भेटतात. त्यांच्या चित्राचा फोटो काढण्याआधी विचारावं. चित्र हीच त्यांची रोजीरोटी आहे, आणि बहुतेक जण त्यांचा हात कागदावर चालत असतानाचा फोटो आनंदाने काढू देतात.

ज्या घोड्यामुळे या भागाला हे नाव पडलं, तो घोडा आज इथे नाही. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ साली भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत हलवला गेला. काळा घोड्याला २०१७ साली नवा घोडा आला, स्वाराविना. महोत्सवाच्या आसपास एक दिवस राणीच्या बागेसाठी ठेवला तर हे दोन्ही घोडे एका मालिकेत मांडता येतात. बागेच्या दाराशी १८७२ सालचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा. महापालिकेचं फुलांचं प्रदर्शनही हिवाळ्याच्या शेवटी याच बागेत भरतं. तिथे सकाळी दार उघडताच पोहोचावं. पाकळ्यांवर शिंपडलेलं पाणी वाळलेलं नसतं आणि ऊन झाडांतून गाळून येतं.

आतापर्यंतच्या जागा स्थिर. आपण हललो तरी त्या हलत नाहीत. समारंभांत उलट असतं: समोरचं सगळं वाहतं आणि आपण थांबायचं असतं. हे मला सगळ्यात चांगलं मुंबई मॅरेथॉनने शिकवलं. २००४ साली सुरू झालेली ही शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. त्या दिवशी रेल्वे पहाटे जादा गाड्या सोडते, म्हणून डोंबिवलीकरांनाही वेळेत पोहोचता येतं. मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो, त्यामुळे आयोजकांनी जाहीर केलेला नकाशा आदल्या दिवशी पाहून ठेवावा. बहुतेक छायाचित्रकार सुरुवातीच्या कमानीपाशी नाहीतर शेवटाशी गर्दी करतात. माझी आवडती जागा पेडर रोडचा चढ.

४२.१९५ किलोमीटर धावणारे इथवर परततात तेव्हा त्यांच्या पायांत तीसहून अधिक किलोमीटर साठलेले असतात. समोर चढ. दोन्ही कडेला इमारतींतले रहिवासी टाळ्या वाजवत, थाळ्या घेऊन उभे. एक आजी संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. फोडींवर मीठ भुरभुरलेलं. त्या हात लांब करून फोड पुढे धरायच्या आणि येणारा धावपटू न थांबता ती उचलायचा. मी आजींच्या शेजारी बसून कॅमेरा त्यांच्या मनगटाच्या उंचीवर धरला. दोन हात जवळ येतात, बोटं फोडीला लागतात आणि सुटतात, हे सगळं अर्ध्या सेकंदात. आजी म्हणाल्या, “माझा चेहरा आला नाही तरी चालेल गं, फोड दिसू दे.” त्या वाक्याने मला चौकट कशी बांधायची ते सांगून टाकलं.

तंत्राचं म्हणाल तर धावणाऱ्या माणसाचा वेग फोटोत आणायला शटर एक तीसांश सेकंदाच्या आसपास ठेवावं आणि धावपटूबरोबर कमरेतून वळत कॅमेरा फिरवावा. चेहरा स्पष्ट राहतो आणि मागची गर्दी रंगांच्या रेषा होऊन जाते. हात स्थिर व्हायला वेळ लागतो, पण पेडर रोडवर सरावाला माणसं कमी नसतात. उंच इमारतींमुळे ऊन रस्त्यावर तुकड्यातुकड्याने पडतं. असा एखादा उन्हाचा तुकडा शोधून तिथेच थांबलं की धावपटू स्वतःहून उजेडात येतात.

गुढीपाडव्याची शोभायात्रा पाहायची तर गिरगाव. नववर्षाच्या या यात्रांची सुरुवात मात्र आमच्या डोंबिवलीतून, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस झाली, आणि डोंबिवलीकर म्हणून मला त्याचा मनापासून अभिमान आहे. गिरगावात नऊवारी, नथ आणि फेटा अशा थाटात दुचाकीवर निघालेल्या बायका, लेझीम, चित्ररथ आणि ढोल-ताशा पथकं. मार्च-एप्रिलचं ऊन दहाच्या सुमाराला कडक होतं आणि फेट्याखाली डोळ्यांवर काळी सावली पडते. म्हणून पथक रांगेत उभं राहत असतानाच पोहोचावं. ढोलाची दोरी आवळणारे हात, मैत्रिणीच्या नथीचा फासा नीट करणारी मुलगी, ध्वजाची काठी पेलून पाहणारा मुलगा, हे सगळं यात्रा सुरू होण्याआधीच मिळतं. यात्रा निघाली की शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर. टिपरू ढोलावर आदळून उसळतं तो क्षण त्याहून कमी वेगात पकडता येत नाही.

रस्त्यावरून गर्दीच्या पाठीच दिसतात. मी एका चाळीच्या जिन्याशी थांबून वर गॅलरीतल्या काकूंना विचारलं, “काकू, पाच मिनिटं वर येऊ का? फोटो काढायचेत.” त्या म्हणाल्या, “चपला खाली काढ आणि ये. पण कठड्यावर रेलू नकोस, लाकूड जुनं आहे.” वरून यात्रा दिसलीच, त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे गॅलरी दिसली: एका रांगेत उभारलेल्या गुढ्या, त्यांचे जरीचे खण, कडुलिंबाच्या डहाळ्या, साखरेच्या गाठी आणि त्यांच्यामधून वाकून पाहणारी सगळी चाळ. लाकडी कठड्याच्या दोन खांबांमध्ये खालचा रस्ता नेमका बसत होता.

गिरगाव अनंत चतुर्दशीला पुन्हा बोलावतं, आणि सोबत लालबागही. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली बसला. आजही तिथली मूर्ती लहान असते. लालबागच्या मंडळाची स्थापना १९३४ची. त्या गणपतीची मिरवणूक सकाळी निघते आणि गिरगाव चौपाटीवर पोहोचेपर्यंत दुसरी सकाळ उजाडते. या एवढ्या वेळात एका विद्यार्थिनीने सगळीकडे असायचा अट्टहास करू नये. मी लालबागला श्रॉफ बिल्डिंगच्या अलीकडे उभी राहते. ही इमारत पुष्पवृष्टीसाठी प्रसिद्ध आहे. गणपती समोर आला की वरून पाकळ्या आणि गुलाल उतरू लागतो, आणि रस्ताभर माणसांचे हात वर जातात.

मिरवणुकीभोवती कार्यकर्ते जाड दोरी धरून चालतात. छायाचित्रकाराची जागा दोरीबाहेर, हा नियम पक्का. दोरी पुढे सरकताना आतल्या गर्दीचा दाब एकदम वाढतो आणि कॅमेऱ्यात डोळा घातलेल्या माणसाला तो उशिरा कळतो. दुकानाच्या बंद शटरला पाठ लावून उभं राहिलं तर मागून धक्का येत नाही. कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी घालून लेन्सपुरतं भोक पाडायचं आणि रबर लावायचं. रस्त्यात लेन्स बदलायची नाही, गुलालाची भुकटी थेट आतल्या सेन्सरवर बसते. लेन्सवर बसलेली पूड आधी हवेने उडवायची, मगच कापड लावायचं. नाहीतर काचेवर ओरखडे पडतात.

मूर्तीचे फोटो हजारो लोक काढतात. माझा कॅमेरा बेंजो पथकातल्या घामाने चिंब वादकाकडे, वडिलांच्या डोक्यावर हात टेकून पाहणाऱ्या पोरीकडे आणि बंदोबस्ताला उभ्या असलेल्या महिला पोलिसाकडे वळतो. गणपती समोरून जाताना तिने एका हाताने दोरी मागे ढकलली होती आणि दुसरा हात छातीशी नेऊन नमस्कार केला होता. कामही चालू आणि भक्तीही चालू. मला या शहराविषयी जे म्हणायचं असतं ते त्या एका फोटोत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवर जरूर जावं. महापालिकेचे कामगार आणि एनएसएसची मुलं वाळू साफ करत असतात. भंगलेल्या मूर्तींचे फोटो मी काढत नाही. ज्या घरांनी त्यांना काल निरोप दिला, त्यांच्या भावनेचा तो मान. निर्माल्याच्या भरलेल्या पिशव्या, वाळूतून फिरणारी दाताळी, हातमोजे घातलेले हात, यांचे फोटो काढते. उत्सवाची ही बाजू कुणीतरी नोंदवून ठेवायलाच हवी.

या सगळ्या कोलाहलानंतर वर्षाचा शेवट बाणगंगेवर करावा. वाळकेश्वरचा हा तलाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडं. बांधणीचा काळ ११२७ सांगितला जातो, शिलाहारांच्या राजवटीतला. तहानलेल्या रामासाठी लक्ष्मणाने बाण मारून पाणी काढलं, अशी कथा आहे. चारी बाजूंनी पायऱ्या, वर देवळं, दीपमाळा आणि मागे मलबार हिलचे उंच मनोरे. त्रिपुरारी पौर्णिमेला, देवदिवाळीला, या पायऱ्यांवर पणत्यांच्या ओळी लागतात आणि महाआरती होते.

इथे तिवई लावायला जागा नसते आणि लावली तर लोकांना अडचण होते. दप्तर पायरीवर ठेवायचं, त्यावर कॅमेरा टेकवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. दोन-तीन सेकंद शटर उघडं राहिलं की पाण्यावरचा पणत्यांचा उजेड पसरून एकसंध होतो. जवळचे चेहरे मात्र ५० मिलिमीटरच्या लेन्सने टिपायचे. आयएसओ ३२०० केला तरी चालतो, थोडे दाणे दिसले तर दिसू देत. पणती लावताना माणूस तिच्याकडे झुकतो आणि तिचा उजेड त्याच्या हनुवटीपासून वर जातो. त्या उजेडात फ्लॅश मारला की सगळं वाया जातं.

मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त तर प्रत्येक जण काढतोच, म्हणून एवढंच सांगते: चर्चगेटच्या बाजूने पाहिलं तर हिवाळ्यात सूर्य उघड्या समुद्रात बुडतो आणि मेच्या सुमाराला तो मलबार हिलकडे सरकलेला असतो. गेटवेचं तोंड पूर्वेच्या समुद्राकडे. सकाळी ते उजळलेलं पाहायचं तर घारापुरीच्या लाँचमध्ये बसावं. सोमवारी तिथली लेणी बंद असतात.

नव्याने कॅमेरा हाती घेतलेल्या मुलामुलींना माझं आग्रहाचं सांगणं आहे. महागड्या लेन्सची वाट पाहू नका, फोन असेल तर फोनने सुरुवात करा. आपल्या रोजच्या वाटेवरची एक इमारत निवडा आणि तिच्यावर कोणत्या वेळी कुठून ऊन येतं ते ऋतूगणिक वहीत टिपून ठेवा. कार्यक्रमाला अर्धा तास आधी जा आणि संपल्यावर अर्धा तास थांबा. अनोळखी माणसाचा फोटो काढण्याआधी डोळ्यांनी तरी विचारा. मान हलली तर पुढे, हात आडवा झाला तर कॅमेरा खाली. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच.

आणि ज्यांचा फोटो काढलात, त्यांना तो नेऊन द्या. स्टुडिओत एका छोट्या प्रतीला चहा-वडापावहून फार जास्त पैसे लागत नाहीत. फोनवर आलेला फोटो दोन दिवसांत खाली जातो, कागदावरचा भिंतीवर लागतो. गिरगावच्या काकूंना मी गॅलरीचा फोटो नेऊन दिला तेव्हा त्यांनी शेजारणींना हाका मारल्या आणि फोटोतल्या प्रत्येक गुढीखालचं घर कुणाचं ते मला सांगितलं. मी मागे पेन्सिलीने नावं लिहून घेतली. ती चाळ कधीतरी पुनर्विकासात जाईल, तेव्हा त्या गॅलरीत कोण कुठे राहत होतं याचा तो कागद पुरावा असेल. शहराचे फोटो काढणारी आपण मुलं आज एवढं काम नक्की करू शकतो: नाव, तारीख आणि जागा लिहून एक प्रत घरात ठेवायची, दुसरी ज्याची त्याला द्यायची.